बाबांचा गाल आणि बारा बोअर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. देवरुखात पाऊस अजून हटत नाही, भात आडवं झालंय, शेजारच्यांची म्हैस व्यायली, असं नेहमीचं सगळं सांगून झाल्यावर तिने आवाज खाली आणला.

"अरे, यांच्या गालावर बघ काय झालंय. विचारलं तर म्हणतात कपाटाचं दार लागलं. एकच दार महिन्यात तीनदा एकाच जागी कसं लागेल रे?"

व्हिडिओ कॉल लावला. बाबा फोनसमोर असे बसले होते की फक्त डावा गाल दिसावा. "जरा मान फिरवा की," म्हटलं. नाइलाजाने फिरवली. उजव्या गालाच्या हाडावर दहाच्या नाण्याएवढा, कडेने हिरवट झालेला निळा डाग.

कपाटाचं दार नाही, हे बघताक्षणी कळलं. कारण दोन वर्षांपूर्वी तस्साच डाग माझ्या गालावर होता, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये "कोणी वाजवली रे?" म्हणून अख्ख्या टीमने माझी पिसं काढली होती.

तो डाग बंदुकीचा असतो. बारा बोअरच्या.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर हापिसात पाट्या टाकणाऱ्या प्राण्याचा आणि बंदुकीचा काय संबंध? सांगतो. इंजिनिअरिंगला असताना मी एनसीसीत होतो. तिथे पालथं झोपून पॉइंट २२ रायफल चालवायचो आणि नेम बरा होता. पुण्याला नोकरी लागल्यावर वीकांताला काय करायचं म्हणून एका शूटिंग क्लबात जायला लागलो. एक दिवस तिथे उडत्या तबकड्यांवर बारा बोअर चालवायची संधी मिळाली. (या तबकड्यांना मातीची कबुतरं म्हणतात, पण असतात डांबर आणि चुनखडीच्या.) मी मनात म्हटलं, रायफल येते, मग हे काय अवघड आहे? पहिल्याच बाराला गालात अशी बसली की डोळ्यापुढे काजवे चमकले. पाचव्या बारापर्यंत मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागलो होतो. शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "बंदुकीने नाही मारलं तुला. तू मारून घेतलंस."

तेव्हा राग आला होता. पुढचे चार शनिवार त्यांनी मला एकही काडतूस दिलं नाही, नुसती रिकामी बंदूक खांद्याला लावायला लावली. पाचव्या शनिवारी २५ बार काढले आणि गालावर साधी लालीसुद्धा आली नाही. बंदूक तीच, काडतुसं तीच. बदललं होतं ते फक्त दस्ता कुठे आणि कसा टेकतो एवढंच.

म्हणजे बाबांच्या गालाचं निदान मला फोनवरच झालं होतं. निदान तसं मला वाटलं तरी. :-)

पुढे जाण्याआधी बंदुकीचा खुलासा करतो. ती आजोबांची, एकनळी. त्यांच्यानंतर रीतसर बाबांच्या नावावर लायसन झालं. कोकणात पीकसंरक्षणासाठी बंदूक ठेवणारी बरीच घरं आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आमची ठासणीची नाही, काडतुसाची आहे. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची, झाली की पावती दाखवून परत आणायची. आणि रानडुकराला वाटेल तेव्हा मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याचं नाव आहे, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. बाबा डुकरं मारत नाहीत. भात पिकलं की रात्री बांधावर जातात आणि चिऱ्याच्या खाणीच्या दरडीत एक बार काढतात. आवाजाने कळप पळतो आणि दोन-तीन रात्री फिरकत नाही. आजोबांपासून हेच चालत आलंय.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडा, पण मला ते केल्याशिवाय चैन पडत नाही.

बारा बोअर म्हणजे काय? नळीत बरोबर मावतील अशा शिशाच्या गोल गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा बसतात, एवढ्या व्यासाची नळी. हा व्यास येतो साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. काडतुसात समजा ३२ ग्रॅम छर्रे आहेत. मधला डाट धरून ३५ ग्रॅम. ते बाहेर पडतात सेकंदाला साधारण ४०० मीटरने. किलो गुणिले वेग, १४ आले. जळलेल्या दारूचा वायूही पुढे उसळतो, त्याचे आणखी दोन धरा. एकूण १६. पुढे जेवढं गेलं तेवढंच मागे येणार. तीन किलोची बंदूक असेल तर ती मागे येते सेकंदाला सव्वापाच मीटरने, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. ऊर्जा काढली तर ४२ ज्यूल. क्रिकेटचा चेंडू ताशी ८० किलोमीटरच्या थोडं वर आला तर त्यात एवढी ऊर्जा असते. थोडक्यात, फिरकी गोलंदाजाचा चेंडू, विनाहेल्मेट, गालावर. एनसीसीतल्या पॉइंट २२ चा हाच १६ वाला गुणाकार एकसुद्धा भरत नाही. माझी मस्ती कुठून आली होती ते लक्षात आलं असेल.

हा धक्का नाहीसा करता येत नाही. बंदूक जड घेतली किंवा काडतूस हलकं घेतलं तर कमी होतो. ऑलिंपिकमध्ये तर छर्ऱ्यांचं वजन २४ ग्रॅमवरच बांधलेलं आहे. पण आजोबांच्या बंदुकीचं वजन कसं वाढवणार? मग हातात राहतं एवढंच, की हा धक्का कुठे बसू द्यायचा, किती जागेवर आणि किती वेळात.

इथे फट येते. छर्रे नळीत सत्तरेक सेंटिमीटर पळतात, त्याला लागतात तीनेक मिलिसेकंद. तेवढ्या वेळात, वजनाच्या प्रमाणात, बंदूक मागे येते जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर. म्हणजे दस्ता आणि खांदा यांच्यात एक सेंटिमीटरची फट असेल, तर बंदूक खांद्याला भेटेपर्यंत तिने पूर्ण वेग घेतलेला असतो. फट नसेल तर ती वेग घेत असतानाच खांदा तिच्यासोबत मागे सरकायला लागतो. दाराला आधीच टेकून उभं राहिलं आणि कोणी ते पलीकडून ढकललं, तर आपण मागे सरकतो. एक वीत लांब उभं राहिलं तर तेच दार फाडकन थोबाडात बसतं. आईला सांगितलेली थाप तशी अगदीच खोटी नव्हती म्हणायची.

गालाचं जरा आणखी वाईट. नळी वर असते आणि दस्त्याचं बूड खाली, त्यामुळे बंदूक नुसती मागे येत नाही, तोंड वर करून उसळते. त्यात जुन्या बंदुकांच्या दस्त्याला मागे उतार जास्त. पुढे उंच, मागे सखल. ती मागे सरकली की उंच भाग गालाखाली येतो, म्हणजे चक्क पाचर ठोकल्यासारखं होतं. गाल आधीच दाबून टेकवलेला असेल तर पाचरीला शिरायला जागा नसते, गाल तिच्यासोबत उचलला जातो. गाल अधांतरी असेल तर हाडावर टोला. आणि हाडाच्या वर लगेच डोळा.

सरांनी शिकवलेलं तंत्र याच्यावरच उभं आहे. डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, मागे रेलायचं नाही. नळी आधी समोर ढकलायची, मग दस्ता गालाला आणायचा, मग खांद्यात घ्यायचा. गाल आधी, खांदा नंतर. नवशिके उलटं करतात: दस्ता खांद्याला लावतात आणि मग मान वाकडी करून गाल खाली नेतात. डोकं बंदुकीकडे न्यायचं नाही, बंदूक डोक्याकडे आणायची. दस्त्याची कड गालाच्या हाडावर नको, हाडाखाली दाढांवरच्या मांसात रुतली पाहिजे. दात मिटलेले. बूड दंडावर नको, गळ्याजवळचं आडवं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्या मधल्या खळग्यात. अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर, नाहीतर स्वतःच्याच अंगठ्याचा गुद्दा नाकावर.

स्कीट नावाच्या खेळात तर तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो आणि ती तीन सेकंदांत कधीही सुटू शकते. म्हणजे प्रत्येक वेळी ही सगळी जुळणी नव्याने, डोळ्याचं पातं लवायच्या आत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं मिश्र स्कीटमधलं ब्राँझ एका गुणाने हुकलं, ४३ विरुद्ध ४४. त्याच स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणलं, त्या गडबडीत हे चौथं स्थान आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

असो. तर बाबांकडे.

शुक्रवारी रात्री निघालो. पुणे, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, देवरूख. सॅकमध्ये दस्त्याच्या बुडाला मोज्यासारखं चढवायचं एक जाड रबरी कव्हर होतं. आजोबांच्या वेळचं रबर केव्हाच वाळून दगड झालं असणार, नवं घातलं की धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरेल, गाल वाचेल. प्रश्न सुटला, रविवारी परत. असा प्लॅन.

सकाळी चहा झाल्यावर विषय काढला. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. मी न्यूटनच्या तिसऱ्या नियमापासून सुरुवात केली तर म्हणाले, "मेल्या, तो नियम तुला आठवीत कोणी शिकवला?"

बंदूक त्यांनीच काढली. उघडून काडतुसाची जागा दाखवली, मीही बोट घालून खात्री केली, काडतुसांचा डबा आईच्या ताब्यात माजघरात. मग कव्हर चढवलं. बाबांनी बंदूक खांद्याला लावली आणि कव्हर बनियनच्या काखेत अडकलं. दस्ता पाऊण इंच लांब झाला होता ना. दुसऱ्यांदा लावली तर बूड खळग्यात न जाता दंडावर जाऊन बसलं. म्हणजे गाल राहिला तिथेच आणि वर दंड काळानिळा व्हायची सोय मी पुण्याहून विकत घेऊन आलो होतो. मूळ कारण न शोधता पॅच मारला की काय होतं, हे मी दर रिलीजला ज्युनियर पोरांना ऐकवत असतो. जाऊ द्या.

मग जरा डोकं वापरलं. हीच बंदूक बाबा पंचवीस वर्षं चालवतायत आणि याआधी गाल कधी सुजला नव्हता. मग यंदाच काय बदललं? काडतुसं? नाही, नेहमीचीच. बाबांचं वजन? तेवढंच. बघायचं तर समोरून बघायला हवं होतं, पण नळीसमोर माणूस उभा करायचा नाही, रिकामी असली तरी नाही. म्हणून पडवीच्या टोकाला स्टुलावर मोबाइल उभा केला, रेकॉर्डिंग लावलं आणि मी बाबांच्या मागे गेलो. त्यांनी दहा वेळा बंदूक लावली.

व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला आणि सगळं दिसलं. उजव्या खांद्यावर बंदूक असेल तर समोरून नळीच्या बरोबर वर उजवा डोळा दिसायला हवा. बाबांचा दिसत होता डावा. दहाच्या दहा वेळा. डावा डोळा नळीच्या रेषेत आणायचा म्हणून मान दस्त्यावरून पलीकडे कलंडत होती, गाल उचलला जात होता आणि दस्त्याच्या वर टांगलेलं राहत होतं ते फक्त हाड.

"बाबा, दोन्ही हात लांब करा, तळव्यांचा मध्ये त्रिकोण करा आणि त्यातून कॅलेंडरवरची आजची तारीख बघा. आता डावा डोळा मिटा."

"गेली तारीख."

"आता उजवा मिटा."

"आहे."

दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू एका डोळ्यावर जास्त भरवसा ठेवतो. बाबांचा भरवसा आयुष्यभर उजव्यावर असणार, नाहीतर पंचवीस वर्षं हा प्रकार चालला नसता. जूनमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो लख्ख झाला. उजव्यातही मोतीबिंदू आहेच, त्याचं पावसाळ्यानंतर करायचं ठरलं होतं. म्हणजे चार महिन्यांपासून मेंदूने गुपचूप डोळा बदलला होता, आणि बंदूक राहिली होती जुन्याच खांद्यावर.

मला कोण आनंद झाला! बग सापडल्याचा तो विशिष्ट आनंद असतो ना, तो. उपायही लगेच सुचले. नेमबाज चष्म्याच्या नको असलेल्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात, तसा डाव्या काचेवर लावू. मी औषधाच्या डब्यात चिकटपट्टी शोधायला उठलो. बाबा काहीच बोलले नाहीत.

बोलले ते रात्री. आई झोपल्यावर पडवीत बसलो होतो. खाली खाचरांकडून डबे वाजवल्याचा आवाज येत होता, वाडीतली दोघंतिघं राखणीला होती.

"गालाचं काही नाही रे," ते म्हणाले. "गाल बरा होतो."

मग थांबून थांबून सांगितलं. नवरात्रात एका रात्री ते बांधावर गेले होते. बॅटरी धरायला वाडीतला एक पोरगा सोबत होता, बारावीतला. गाल दोनदा सडकून निघालेला, त्यामुळे चाप ओढताना त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मान मागे घेतली. बार दरडीत गेलाच नाही. डावीकडच्या पाण्याच्या टाकीत गेला. टाकीपासून सहा-सात पावलांवर तो पोरगा उभा होता.

"त्याला वाटलं मी मुद्दाम टाकीवर मारला. हसला तो. मी घरी येऊन रात्रभर जागा."

त्यानंतर त्यांनी पोराला बोलावलं नाही. पण बंदूक घेऊन एकटे आणखी एकदा गेले होते. आजची निळाई त्या रात्रीची.

माझा बग सापडल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. आता हेही समजलं की चिकटपट्टी हा उपाय नव्हता. डावा डोळा झाकला तर राहणार उजवा, म्हणजे मोतीबिंदूचा. रात्री बॅटरीच्या उजेडात त्या डोळ्याला नुसता धुरकट झगझगाट दिसतो, हे त्यांनीच कबूल केलं. तंत्र कितीही सुधारलं तरी न दिसणाऱ्या माणसाने बार काढायचा नाही.

"बाबा, उजव्याचं ऑपरेशन होईपर्यंत बंदूक नको."

"आणि भात? डुक्कर थांबणार आहे का माझ्या डोळ्यासाठी?"

वडिलांना "नको" म्हणायची सवय मला नाही. तेही विज्ञानाच्या सरांना. पण त्या रात्री दोनदा म्हटलं. ते उठून आत गेले. वाटलं, रागावले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती परत दिली. म्हटलं, लायसन तुमचं, किल्लीही तुमच्याकडेच राहू दे, फक्त बंदूक काढू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या पोराच्या घरी गेले. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले. त्याच्या आईला सगळं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा दिला. पण पोरगा मग बरेच दिवस आमच्याकडे आला नाही, आणि यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी रविवारऐवजी बुधवारी परतलो. दिवसा पडवीत मोबाइलचं एक काडी नेटवर्क पकडून काम, संध्याकाळी जमेल तशी कापणी, रात्री वाडीतल्या लोकांसोबत डबे आणि सुतळी बॉम्ब. तरी खालच्या खाचरातलं पाच-सहा मण भात डुकरांनी तुडवलंच. बाबांनी ते सकाळी जाऊन पाहिलं आणि परत येऊन काही न बोलता आंघोळीला गेले.

ऑपरेशन नोव्हेंबरात रत्नागिरीला झालं. डॉक्टरांना बंदुकीचं स्पष्ट सांगितलं. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले मी सांगेपर्यंत हातही लावायचा नाही. डिसेंबरअखेरीस त्यांनी तपासून हिरवा कंदील दाखवला. तेव्हा पुन्हा त्रिकोण करून तारीख पाहिली. उजवा परत आला होता.

मग शनिवार-रविवार सराव. रिकाम्या नळीच्या तोंडात कागद गुंडाळून एक बारकी एलईडी बॅटरी बसवायची आणि भिंत नि तुळई जिथे मिळतात त्या रेषेवर उजेडाचा ठिपका चालवायचा. बंदूक वर येताना ठिपका रेषेवरून ढळला नाही तर हात बरोबर चाललेत. दस्ता आधी खांद्याला लावून गाल मागून आणला की ठिपका लगेच उडी मारतो. बाबांचा ठिपका पहिल्या दिवशी बेडकासारखा उड्या मारत होता. आई म्हणाली, "दिवाळी झाली की रे, आता कसले दिवे लावताय?" वाळलेलं जुनं रबर काढून तेवढ्याच जाडीचं नवं बसवून घेतलं, म्हणजे लांबी बदलली नाही. माझं कव्हर आईने गॅसच्या शेगडीच्या एका पायाखाली घातलंय. तिथे ते छान बसतं.

संक्रांतीला गेलो होतो. मार्लेश्वरच्या यात्रेमुळे रस्त्यावर ही गर्दी. संध्याकाळी तो पोरगा तिळगूळ घेऊन आला. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच. निघताना त्याने विचारलं, "काका, बंदूक चालवताय का परत?"

"चालवीन. पण बॅटरी आता मीच धरणार." खरंच, बाबांनी नळीखाली क्लॅम्प लावून बॅटरी बसवून घेतली आहे.

भातामागून पेरलेल्या कुळथात त्या रात्री डुकरं आली. बाबा एकटे पुढे, मी बराच मागे, बांधाच्या अलीकडे. पाय ठेवला, नळी पुढे गेली, दस्ता गालाला, मग खांद्यात. बार. दरडीवरची लाल माती उडालेली उजेडात दिसली. कळप वरच्या रानात गेला.

घरी येऊन दिव्याखाली त्यांनी उजवा गाल पुढे केला. मी बोटाने दाबून पाहिला. काही नव्हतं.

"खांद्याला मात्र जाणवलं," म्हणाले.

"जाणवणारच. कुठेतरी बसायलाच हवा तो."

"हो," बाबा म्हणाले, "तिसरा नियम."

ता.क.: एक सांगायचं राहिलं. डोळे मिटायला लावतो तो नुसता धक्का नसतो, आवाजही असतो. बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. बाबांना आता कानात घालायचे बोळे आणून दिलेत. ते घालतात आणि मग आईने मारलेल्या हाका ऐकू आल्या नाहीत म्हणून सांगतात. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.